खुर्चीवरून उतरण्याची वाट : इजिप्तच्या राज्यव्यवस्थेवरील ग्रंथाची प्रस्तावना

इजिप्तमध्ये १८ जून १९५३ रोजी प्रजासत्ताकाची घोषणा झाली. तेव्हापासून या देशाच्या राष्ट्राध्यक्षपदावरून कोण कसा उतरला, एवढे जरी ओळीने मांडले तरी तिथल्या राज्यव्यवस्थेबद्दल पुष्कळ काही कळते. पहिले राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नगीब यांना नोव्हेंबर १९५४ मध्ये त्यांच्याच सहकारी अधिकाऱ्यांनी पदावरून काढले आणि कैरोच्या वेशीबाहेरच्या एका बंगल्यात वर्षानुवर्षे नजरकैदेत ठेवले. गमाल अब्देल नासर सप्टेंबर १९७० मध्ये पदावर असतानाच हृदयविकाराने गेले. अन्वर सादात ६ ऑक्टोबर १९८१ रोजी लष्करी संचलन पाहत असताना सैनिकांच्याच गोळ्यांना बळी पडले. होस्नी मुबारक जवळजवळ तीस वर्षे राज्य करून फेब्रुवारी २०११ मध्ये जनतेच्या उठावापुढे पायउतार झाले आणि पुढची कित्येक वर्षे खटल्यांना सामोरे जात राहिले. मोहम्मद मोर्सी हे खुल्या निवडणुकीत निवडून आलेले पहिले राष्ट्राध्यक्ष. लष्कराने त्यांना जेमतेम वर्षभरात हटवले, आणि जून २०१९ मध्ये खटल्याच्या सुनावणीदरम्यान न्यायालयातच कोसळून त्यांचा मृत्यू झाला.

शांतपणे कारभार सोपवून बाजूला झालेले दोघेच सापडतात. सादात यांच्या हत्येनंतर संसदेचे सभापती सूफी अबू तालेब यांनी आठवडाभर हे पद सांभाळले. २०१३-१४ मध्ये सर्वोच्च घटना न्यायालयाचे प्रमुख अदली मन्सूर यांनी अकरा महिने ते सांभाळले आणि नंतर ते पुन्हा न्यायासनावर जाऊन बसले. दोघेही हंगामी होते. मुदत संपली, निवडणूक झाली, दुसरा कुणी जिंकला आणि जुन्याने त्याच्या हाती कारभार दिला, असे निवडून आलेल्या एकाही राष्ट्राध्यक्षाच्या बाबतीत आजवर घडलेले नाही.

राज्यकर्ता सत्तेवर कसा आला, हे आपण नेहमी विचारतो. मतदान कसे झाले, मोजणी नीट झाली का, किती टक्के मते पडली, याच्या बातम्या होतात. इजिप्तचा अभ्यास करताना मला पटत गेले की राज्यकर्ता सत्तेवरून कसा जातो हा प्रश्न अधिक मुळाशी नेणारा आहे. जिथे सत्ताधाऱ्याला हरल्यावर सन्मानाने घरी जाता येते, तिथे विरोधकाला निर्धास्तपणे उभे राहता येते आणि न्यायाधीशाला न डगमगता निकाल देता येतो. जिथे खुर्ची सोडणे म्हणजे तुरुंग किंवा त्याहून वाईट काही, तिथे खुर्चीवरचा माणूस घटना, संसद, न्यायालय आणि निवडणुकीचे नियम हे सगळे तटबंदीसारखे स्वतःभोवती रचू लागतो. इजिप्तच्या राज्ययंत्रणेचा प्रत्येक भाग वाचकाने या नजरेने पाहावा, हा या ग्रंथाचा आग्रह आहे.

मराठी वाचकाला इजिप्त परका नाही. पिरॅमिड आणि ममी शाळेपासून ओळखीचे असतात. आधीच्या पिढीला नेहरू आणि नासर यांची मैत्री आठवते, १९५६ चा सुएझचा पेच आठवतो. त्याहून जुना धागा कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस बंद झाला आणि लँकशायरच्या गिरण्या मुंबई व अलेक्झांड्रिया या दोन बंदरांकडे वळल्या. दोन्हीकडे पैशाला पूर आला. युद्ध संपताच मुंबईत शेअरबाजार कोसळला आणि भल्याभल्या पेढ्या बुडाल्या. इजिप्तमध्ये खेदिव इस्माईल रेल्वे, कालवे आणि राजवाडे यांसाठी कर्जे काढत राहिला. १८७५ मध्ये त्याला सुएझ कालव्यातले आपले समभाग ब्रिटनला विकावे लागले, १८७६ मध्ये देशाच्या तिजोरीवर परकीय सावकारांचा पहारा बसला आणि १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा उतरल्या. त्या फौजांत हिंदुस्थानातून नेलेल्या पलटणीही होत्या. मुंबई बंदराची भरभराट ज्या कालव्याने झाली, त्याच कालव्यापायी इजिप्तचे स्वातंत्र्य गेले.

एवढी जवळीक असूनही इजिप्तच्या राज्यकारभाराबद्दल आपल्याकडे दोनच समजुती चालतात. पहिली अशी की अरब समाजाला लोकशाही मानवतच नाही, म्हणून तिथे हुकूमशहाच येणार. दुसरी अशी की तिथली घटना, संसद आणि निवडणुका हा सगळा देखावा आहे, तेव्हा त्यांचा अभ्यास कशाला करायचा. या दोन्ही समजुती मला मान्य नाहीत. पहिली इतिहासाला धरून नाही. दुसरी इतिहास घडवणाऱ्या माणसांवर अन्याय करते, कारण या तथाकथित देखाव्यासाठी इजिप्तच्या वकिलांनी, न्यायाधीशांनी, कामगारांनी आणि विद्यार्थ्यांनी फार मोठी किंमत मोजली आहे.

इतिहास असा आहे. इजिप्तमध्ये प्रतिनिधींची पहिली सभा १८६६ मध्ये भरली. तिचे अधिकार फक्त सल्ला देण्यापुरते होते, पण गावोगावचे मुखत्यार कैरोत एकत्र बसू लागले. सप्टेंबर १८८१ मध्ये अहमद उराबी हा शेतकरी कुटुंबातून आलेला कर्नल पलटणी घेऊन आब्दीन राजवाड्यासमोर उभा राहिला. त्याच्या मागण्यांत संसद ही एक ठळक मागणी होती. पुढच्याच वर्षी ब्रिटिशांनी त्याचा पराभव केला आणि त्याला सिलोनला हद्दपार केले. १९१९ मध्ये साद झगलूल यांना ब्रिटिशांनी माल्टाला पाठवताच सारा देश रस्त्यावर आला. मुसलमान आणि कॉप्टिक ख्रिस्ती एकाच मोर्चात चालले, घरंदाज बायका बुरख्यासह निदर्शनांत उतरल्या. त्या लढ्यातून १९२२ चे अर्धेमुर्धे स्वातंत्र्य आणि १९२३ ची घटना आली. १९२४ च्या आरंभी झालेल्या निवडणुकीत झगलूल यांच्या वफ्द पक्षाने प्रचंड बहुमत मिळवले.

ही घटना सदोष होती. राजाला संसद बरखास्त करता येत असे आणि राजे फुआद व फारुक यांनी तो अधिकार सढळ हाताने वापरला. त्यामुळे मोकळी निवडणूक झाली की वफ्द जिंकायचा, पण सत्तेवर फार काळ टिकायचा नाही. १९३० मध्ये ती घटनाच रद्द झाली आणि १९३५ मध्ये लोकांनी झगडून परत मिळवली. तिसरा खेळाडू ब्रिटिश राजदूत. ४ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री त्याने आब्दीन राजवाड्याला रणगाड्यांचा वेढा घातला आणि वफ्दचे नेते नहास पाशा यांना पंतप्रधान करायला राजाला भाग पाडले. लोकांचा पक्ष परक्यांच्या रणगाड्यांवरून सत्तेत आला, ही गोष्ट तरुण लष्करी अधिकाऱ्यांच्या जिव्हारी लागली. पुढे दहा वर्षांनी त्यांनी जे केले त्याची बीजे या रात्रीत आहेत.

२३ जुलै १९५२ रोजी ‘स्वतंत्र अधिकारी’ म्हणवणाऱ्या गटाने सत्ता हाती घेतली आणि तीन दिवसांनी राजा फारुक अलेक्झांड्रियाहून आपल्या जहाजातून इटलीकडे रवाना झाला. रक्त फारसे सांडले नाही. लोकांनी मनापासून स्वागत केले, आणि त्याला कारणही होते. सप्टेंबर १९५२ च्या जमीन सुधारणा कायद्याने एका मालकाकडे जास्तीत जास्त दोनशे फेद्दान जमीन ठेवली. फेद्दान म्हणजे एकरापेक्षा किंचित मोठा. पुढे ही मर्यादा शंभरावर आणि मग पन्नासावर आली. पिढ्यान्पिढ्या पाशांच्या शेतावर राबणाऱ्या कुटुंबांना स्वतःचा तुकडा मिळाला. शिक्षण मोफत झाले, पदवीधराला सरकारी नोकरीची हमी मिळाली, सुएझ कालवा देशाचा झाला. नासर यांच्यावर कैरोच्या गल्लीबोळांतल्या माणसांनी जे प्रेम केले ते खरे होते. ते समजून घेतल्याखेरीज पुढचे काहीही उमजणार नाही.

पण त्याच हातांनी दुसरेही काम केले. जानेवारी १९५३ मध्ये सगळे पक्ष बरखास्त झाले. मार्च १९५४ मध्ये नगीब यांनी पक्ष आणि संसद परत आणण्याची भाषा केली, तेव्हा लष्करी मंडळातच फूट पडली. तो महिना इजिप्तच्या प्रजासत्ताकाचा कौल लावणारा महिना होता. त्यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे.

राज्य परिषद ही सरकारी आदेशांची कायदेशीरता तपासणारी इजिप्तची वरिष्ठ न्यायसंस्था. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे अध्यक्ष होते अब्द अल-रझ्झाक अल-सन्हुरी. १९४९ पासून लागू झालेली इजिप्तची दिवाणी संहिता त्यांच्याच हातची. इराक, सीरिया, लिबिया या देशांच्या कायद्यांवरही त्यांची छाप आहे. १९५२ मध्ये तरुण अधिकाऱ्यांना कायद्याची वाट दाखवणाऱ्यांत ते होते. संसद लगेच बोलावण्याची गरज नाही, या मताला त्यांनी बळ दिले होते. दोन वर्षांनी त्यांना वाटू लागले की आता लष्कराने बराकीत परतावे. २९ मार्च १९५४ रोजी एक जमाव राज्य परिषदेच्या इमारतीत घुसला आणि देशाच्या सर्वांत मोठ्या कायदेपंडिताला त्याने मारहाण केली. सन्हुरी जखमी झाले आणि थोड्याच दिवसांत पदावरूनही गेले. ज्याने अपवाद म्हणून दार किलकिले केले होते, त्याच्यावरच ते दार आदळले. घटनेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाने हा दिवस लक्षात ठेवावा असे मला वाटते.

१९५६ च्या घटनेने स्त्रियांना मताचा अधिकार दिला. त्यासाठी दोरिया शफीक यांनी १९५१ मध्ये सुमारे दीड हजार स्त्रियांसह संसदेवर धडक मारली होती आणि १९५४ मध्ये उपोषण केले होते. मिळालेल्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदासाठी मात्र एकच नाव होते. नासर यांना नव्याण्णव टक्क्यांहून अधिक मते पडली. एकाच नावावर होकार किंवा नकार मागण्याची ही रीत पुढे जवळजवळ पन्नास वर्षे चालली. सादात यांच्या १९७१ च्या घटनेने तिला पक्के रूप दिले: संसदेने दोन तृतीयांश बहुमताने एक नाव सुचवायचे आणि जनतेने सार्वमतात त्याला मान्यता द्यायची. ‘इजिप्तचे अरब प्रजासत्ताक’ हे आजचे अधिकृत नावही १९७१ चेच. मूळ तरतुदीत राष्ट्राध्यक्षाला सहा-सहा वर्षांच्या दोनच मुदती होत्या. १९८० च्या घटनादुरुस्तीने ही मर्यादा उठवली. त्याच दुरुस्तीने शरियतची तत्त्वे हा कायद्याचा मुख्य आधार ठरवला, आणि लोकांचे लक्ष साहजिकच या दुसऱ्या कलमाकडे राहिले. सादात यांना स्वतःला या सवलतीचा लाभ झालाच नाही. तो मुबारक यांना झाला.

घटनेच्या शेजारी आणखी एक कायदा जागा होता. १९५८ चा आणीबाणीचा कायदा १९६७ च्या युद्धापासून लागू झाला, १९८० मध्ये थोड्या काळासाठी उठला, सादात यांच्या हत्येच्या दिवशी पुन्हा आला आणि मे २०१२ अखेरपर्यंत चालू राहिला. आपल्याकडे १९७५ ची आणीबाणी एकवीस महिने होती आणि तिच्या आठवणी अजून ताज्या आहेत. इजिप्तमध्ये अख्खी एक पिढी आणीबाणीतच जन्मली, शिकली, नोकरीला लागली आणि तिने आपल्या मुलांची लग्नेही आणीबाणीतच लावली. विनाचौकशी अटक आणि खास न्यायालये हीच त्या पिढीची रोजची कायदेव्यवस्था होती. एप्रिल २०१७ मध्ये चर्चवरील बाँबहल्ल्यांनंतर आणीबाणी पुन्हा लागली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये उठली.

अशा व्यवस्थेतही एक खिडकी उघडी राहिली, ती न्यायालयांची. १९६९ मध्ये नासर यांनी एका फटक्यात दोनशेच्या आसपास न्यायाधीशांना घरी पाठवले होते. इजिप्तमध्ये आजही त्या घटनेला ‘न्यायाधीशांची कत्तल’ म्हणतात. दहा वर्षांनी सादात यांना परदेशी भांडवल हवे होते आणि भांडवलाला मालमत्तेची शाश्वती हवी होती. त्यातून १९७९ मध्ये सर्वोच्च घटना न्यायालय उभे राहिले. या न्यायालयाने मालमत्तेपुरते थांबायचे नाकारले. १९८७ आणि १९९० मध्ये त्याने निवडणूक कायदे घटनाबाह्य ठरवले आणि दोन्ही वेळा संसद बरखास्त करावी लागली. जुलै २००० मध्ये त्याने निकाल दिला की प्रत्येक मतदान केंद्रावर न्यायाधीशांची देखरेख हवी. त्या वर्षीच्या निवडणुकीत सत्ताधारी राष्ट्रीय लोकशाही पक्षाच्या अधिकृत उमेदवारांना निम्म्याहून कमी जागा मिळाल्या. पक्षाचे तिकीट न मिळाल्याने अपक्ष लढून जिंकलेले लोक मागाहून पक्षात परतले, म्हणून बहुमत टिकले. मतपेटीजवळ नुसता एक न्यायाधीश बसवल्याने किती फरक पडतो, याचे याहून चांगले उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

२००५ मध्ये पहिल्यांदाच राष्ट्राध्यक्षपदासाठी एकाहून अधिक उमेदवार उभे राहिले. मुबारक यांना ८८ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. दुसऱ्या क्रमांकावरचे अयमन नूर वर्षअखेरीस तुरुंगात गेले. त्याच वर्षीच्या संसदीय निवडणुकीत बंदी असलेल्या मुस्लिम ब्रदरहुडचे ८८ सभासद अपक्ष म्हणून निवडून आले. मतदानातले गैरप्रकार ज्या न्यायाधीशांनी उघड केले, त्यांपैकी हिशाम बस्ताविसी आणि महमूद मेक्की या दोघांवर २००६ मध्ये शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली. त्यांच्या पाठिंब्यासाठी कैरोच्या रस्त्यावर जमलेल्यांना पोलिसांनी बेदम मारले. २००७ च्या घटनादुरुस्तीने मतदान केंद्रांवरची न्यायाधीशांची देखरेख जवळजवळ संपवली. २०१० च्या निवडणुकीत विरोधक संसदेतून जवळपास नाहीसे झाले आणि दोन महिन्यांत तहरीर चौक भरला. या दोन घटनांचा संबंध मी योगायोग मानत नाही. सभागृहाचे दार बंद केले की माणसे चौकात येतात.

जानेवारी २०११ चे अठरा दिवस, भाकरी, स्वातंत्र्य आणि सामाजिक न्याय यांच्या घोषणा, ११ फेब्रुवारीच्या संध्याकाळचा जल्लोष, हे सारे जगाने पाहिले. पुढची अडीच वर्षे काय झाले याकडे कमी लोकांनी लक्ष दिले, म्हणून या ग्रंथातले सर्वांत मोठे प्रकरण त्यावर आहे. सत्ता लष्कराच्या सर्वोच्च मंडळाकडे गेली. मुबारक यांनी लष्कराकडे अधिकार सोपवावेत, अशी तरतूद घटनेत कुठेच नव्हती. २०११-१२ च्या निवडणुकीत ब्रदरहुड आणि सलाफी नूर पक्ष यांनी मिळून सुमारे सत्तर टक्के जागा जिंकल्या. १४ जून २०१२ रोजी सर्वोच्च घटना न्यायालयाने त्या निवडणुकीचा कायदा घटनाबाह्य ठरवला आणि संसद गेली. त्याच महिन्यात ब्रदरहुडचे मोर्सी ५१.७ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. २२ नोव्हेंबरला त्यांनी फर्मान काढून आपले निर्णय न्यायालयांच्या कक्षेबाहेर ठेवले. डिसेंबरमध्ये घाईघाईने केलेल्या घटनेला सार्वमतात कौल मिळाला, पण तीनपैकी जेमतेम एकच मतदार मतदानाला गेला होता. ३० जून २०१३ रोजी त्यांच्या विरोधात लाखो लोक रस्त्यावर आले आणि ३ जुलैला संरक्षणमंत्री जनरल अब्देल फत्ताह अल-सिसी यांनी त्यांना हटवल्याची घोषणा केली. १४ ऑगस्टला कैरोच्या रबा चौकात मोर्सी समर्थकांचा तळ बळाने उठवला गेला. ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या मोजणीनुसार त्या दिवशी तिथे किमान ८१७ माणसे मारली गेली.

या काळाबद्दल लिहिताना माझी भूमिका लपवण्याची मला गरज वाटत नाही. मोर्सी यांनी न्यायालयांना बाजूला सारले, ही गंभीर चूक होती. त्यावर उपाय निवडणुकीचा होता. रणगाड्याने निवडून आलेल्या माणसाला उतरवले की पुढच्या प्रत्येक सत्ताधाऱ्याला एकच धडा मिळतो: निवडणूक हरण्याआधी बंदूक आपल्या बाजूला ठेवा. रबा चौकात मेलेल्यांचे राजकारण मला पटो वा न पटो, त्यांच्या मरणाची चौकशी होऊन कुणाला तरी जाब विचारला जायला हवा होता. तो विचारला गेला नाही.

आज जी राज्यघटना लागू आहे ती जानेवारी २०१४ ची. कागदावर ती आधीच्या अनेक घटनांपेक्षा उजवी आहे. राष्ट्राध्यक्षाला चार-चार वर्षांच्या दोनच मुदती, पंतप्रधानाला संसदेचा विश्वास आवश्यक, आणि दोन तृतीयांश बहुमताने राष्ट्राध्यक्षावर अविश्वास आणून मुदतपूर्व निवडणूक मागण्याचा संसदेला अधिकार. कलम २२६ मध्ये तर असेही लिहिले की राष्ट्राध्यक्षाच्या फेरनिवडीसंबंधीच्या तरतुदी अधिक हमी देण्यासाठी असेल तरच बदलता येतील. एप्रिल २०१९ मध्ये नेमक्या याच तरतुदी बदलल्या. मुदत सहा वर्षांची झाली, चालू मुदत २०२४ पर्यंत लांबली आणि तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिसी यांना आणखी एका मुदतीची खास परवानगी मिळाली. आता ते २०३० पर्यंत पदावर राहू शकतात. सार्वमतात ८८ टक्क्यांहून अधिक मते या बदलाच्या बाजूने पडली. न्यायसंस्थांच्या प्रमुखांची नेमणूक राष्ट्राध्यक्षाच्या हाती आली, आणि घटना व लोकशाही यांचे रक्षण हे लष्कराचे कर्तव्य म्हणून घटनेत लिहिले गेले. संरक्षणमंत्री नेमताना लष्कराच्या सर्वोच्च मंडळाची संमती लागते, ही आधी तात्पुरती असलेली अट कायमची झाली.

संसद आता दोन सभागृहांची आहे. २०२० च्या निवडणुकीनंतरच्या कनिष्ठ सभागृहात ५९६ सदस्य होते: निवडून आलेल्यांपैकी निम्मे एकेका मतदारसंघातून, निम्मे पक्षांच्या याद्यांतून आणि २८ राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले. एक चतुर्थांश जागा स्त्रियांना राखीव आहेत, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. यादीची रीत मात्र बारकाईने पाहावी लागते. सारा देश चार मतदारसंघांत विभागला आहे आणि ज्या यादीला बहुमत मिळेल, तिलाच त्या विभागातल्या सगळ्या जागा मिळतात. हरलेल्या यादीला एकही जागा नाही. त्यामुळे खरी स्पर्धा मतदानाच्या आधीच, यादीत नाव कुणाचे घालायचे या ठिकाणी संपते. वरिष्ठ सभागृहात तीनशे सदस्य, त्यांतले शंभर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले, आणि त्या सभागृहाचे काम सल्ल्याचे.

राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहायचे तर वीस खासदारांची शिफारस लागते, नाहीतर किमान पंधरा प्रांतांतून पंचवीस हजार मतदारांच्या नोंदवलेल्या सह्या, प्रत्येक प्रांतातून किमान हजार. २०२३ मध्ये माजी खासदार अहमद तंतावी यांनी या सह्या गोळा करायचा प्रयत्न केला. त्यांच्या समर्थकांना नोंदणी कार्यालयांत अडवल्याच्या तक्रारी झाल्या, सह्या पुरल्या नाहीत आणि त्यांना माघार घ्यावी लागली. डिसेंबरमध्ये सिसी ८९.६ टक्के मतांनी निवडून आले.

देशाचे २७ प्रांत आहेत आणि प्रत्येकाचा राज्यपाल राष्ट्राध्यक्ष नेमतात. निवृत्त लष्करी व पोलीस अधिकाऱ्यांचा त्यांत मोठा भरणा असतो. गावोगावच्या स्थानिक परिषदांची शेवटची निवडणूक एप्रिल २००८ मध्ये झाली. २०११ मध्ये न्यायालयाने त्या परिषदा बरखास्त केल्या आणि नव्या आल्याच नाहीत. मुंबई, पुण्याच्या महापालिकांवर २०२२ पासून प्रशासक बसले, तेव्हा तुंबलेल्या गटाराची तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्न आपल्यालाही पडला होता. इजिप्तमध्ये २०११ नंतर मोठ्या झालेल्या तरुणाने आपल्या वस्तीचा नगरसेवक पाहिलेलाच नाही. माझ्या मते देशाच्या राजकारणाचे सर्वांत मोठे नुकसान इथे झाले आहे. माणूस राजकारण शिकतो ते गल्लीतल्या निवडणुकीत, हरण्याची सवयही त्याला तिथेच लागते.

राज्ययंत्रणेचा घटनेत न मावणारा भाग म्हणजे लष्कराची अर्थव्यवस्था. ‘वतनिया’ पेट्रोल पंप आणि ‘साफी’ बाटलीबंद पाणी हे लष्कराशी जोडलेल्या संस्थांचे उद्योग. रस्ते, पूल, सिमेंट आणि कैरोच्या पूर्वेला उभी राहिलेली नवी प्रशासकीय राजधानी यांतही लष्कराचा वाटा मोठा आहे. घटनेप्रमाणे लष्कराचा खर्च अर्थसंकल्पात एकाच आकड्यात दाखवला जातो आणि त्याची चर्चा राष्ट्रीय संरक्षण परिषदेत होते. संसदेला त्या आकड्याच्या आत डोकावता येत नाही.

सामान्य माणसाला सरकार भेटते ते मात्र भाकरीत. अनुदानाची बलदी भाकरी तीस वर्षांहून अधिक काळ पाच पियास्टरला मिळत होती. शिधापत्रिकेवर माणशी रोज पाच भाकऱ्या, आणि या योजनेवर अवलंबून असलेले लोक सुमारे सात कोटी. जानेवारी १९७७ मध्ये सादात यांनी अनुदाने कमी करताच दोन दिवस देश पेटला, अनेकांचे जीव गेले आणि निर्णय मागे घ्यावा लागला. त्यानंतर भाकरीच्या किमतीला हात लावताना प्रत्येक सरकार कचरत राहिले. भाकरीचा आकार कमी होत गेला, पाच पियास्टरची किंमत मात्र तीच राहिली. जून २०२४ मध्ये ती वीस पियास्टर झाली. नासर यांच्या काळापासून राज्य आणि जनता यांच्यात एक अलिखित करार होता. सरकारने पोट भरायचे, लोकांनी राजकारण सरकारवर सोडायचे. करारातली सरकारची बाजू वर्षानुवर्षे आखडत चालली आहे, पण त्या बदल्यात लोकांना त्यांचे राजकारण परत मिळालेले नाही.

ग्रंथाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात १८६६ ते १९५२ ची घटनात्मक परंपरा, दुसऱ्यात नासर ते मुबारक, तिसऱ्यात २०११ ते २०१४, चौथ्यात आजची यंत्रणा: राष्ट्राध्यक्ष, मंत्रिमंडळ, दोन सभागृहे, न्यायालये, अल-अझहर हे धर्मपीठ, लष्कर आणि प्रांत. प्रत्येक संस्थेच्या प्रकरणात मी तेच तीन प्रश्न विचारले आहेत. तिच्या प्रमुखाला कोण नेमते, त्याला कोण काढू शकते, आणि काढल्यावर तो कुठे जातो. अरबी नावे मराठी वाचकाच्या जिभेला सोपी जातील अशी लिहिली आहेत. कायद्याची पूर्वतयारी नसलेल्या वाचकालाही सगळे समजावे, असा प्रयत्न आहे.

हा ग्रंथ निराशेचा नाही. १८८१ पासून इजिप्तच्या प्रत्येक पिढीने संसद आणि कायदा यांची मागणी पुन्हा केली आहे, आणि ती कुणी बाहेरून शिकवलेली नव्हती. २०१६ मध्ये तिरान आणि सनाफीर ही बेटे सौदी अरेबियाला देण्याचा करार राज्य परिषदेच्या न्यायालयाने रद्द ठरवला. जानेवारी २०१७ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय कायम केला. शेवटी सरकारचेच झाले. पण सन्हुरी यांना ज्या संस्थेत मारहाण झाली, त्याच संस्थेचे न्यायाधीश सहा दशकांनंतर राष्ट्राध्यक्षांच्या करारावर काट मारण्याइतके ताठ होते. इजिप्तच्या लोकांना लोकशाही शिकवायची गरज नाही. सत्ताधाऱ्याला हरून सुखरूप घरी जाता येईल आणि जिंकणाऱ्याला सूड घेता येणार नाही, एवढी व्यवस्था त्यांना उभी करायची आहे. हे काम घटना लिहिण्याहून अवघड आहे आणि प्रत्येक प्रजासत्ताकाला ते करावे लागते. ज्यांचे ते झाले आहे, त्यांनाही ते प्रत्येक निवडणुकीला नव्याने राखावे लागते. वाचकाने इजिप्तची ही कहाणी वाचताना आपल्या प्रजासत्ताकालाही तेच तीन प्रश्न विचारावेत, अशी माझी मनापासून इच्छा आहे.